लेकरू दूध टाकतंय, कोणती तपासणी करावी?

प्रश्न: ताई, मी जिंतूर तालुक्यातून लिहितेय. माझा मुलगा साडेतीन महिन्याचा आहे, फक्त अंगावरच पितो. एक महिन्याचा असल्यापासून पाजलं की दूध टाकतो, कधी तसंच, कधी दह्यासारखं फाटलेलं, एकदोनदा नाकातून पण आलं. रडका नाही, हसतो, हातपाय मारून खेळतो. जन्मला तेव्हा २.८ किलो होता, दीड महिन्याच्या डोसाला ४.१, अडीच महिन्याच्या डोसाला ५ आणि परवाच्या डोसाला ५.८ भरला. सासूबाई म्हणतात तुझं दूध जड आहे, लेकराला बाधतंय, शेळीचं चालू कर. इथल्या एका डॉक्टरांनी आम्लपित्ताचं सिरप आणि उलटीचे ड्रॉप्स दिले, १५ दिवस झाले पण फरक नाही, आता सोनोग्राफी आणि बेरियमची तपासणी लिहून दिलीय. नणंदेच्या लेकराचा हैदराबादला मिल्क स्कॅन झाला होता, आणि नात्यातले एकजण म्हणतात सरळ दुर्बिणीनेच बघून घ्या. आमचे हे म्हणतात सोयाबीनचे पैसे आलेत, जी सगळ्यात पक्की तपासणी असेल ती करून टाकू. ॲसिडिटी आहे का नाही हे पक्कं कशाने कळतं?

उत्तर: अगं, तुझ्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ कोणती सांगू का, ती वजनाची. तू चार आकडे लिहिलेस म्हणून मला इथं बसून बरंच काही सांगता येतंय, नाहीतर नुसतं दूध टाकतो एवढ्यावर कोणीच काही सांगू शकलं नसतं. २.८ वरून १४ आठवड्यात ५.८, म्हणजे ३ किलो वाढ, म्हणजे दिवसाला सरासरी ३० ग्रॅम. पहिल्या तीन महिन्यात लेकरू दिवसाला २५ ते ३० ग्रॅम वाढलं की आम्ही लहान मुलांचे डॉक्टर समाधानी असतो, आणि जन्माच्या वजनाची दुप्पट साधारण पाचव्या महिन्यात होते ती तुझ्या पोराने साडेतीन महिन्यातच केलीय. जे लेकरू एवढं वाढतंय त्याच्या पोटात दूध राहतंय, पचतंय आणि अंगी लागतंय. बाहेर येतंय ते वरचं थोडंसं.

आता तुझा प्रश्न. तान्ह्या बाळात ॲसिडिटीचा आजार आहे का नाही हे पक्कं सांगणारी एकही तपासणी नाही. महागडी नाही, हैदराबादची नाही, पुण्या-मुंबईची पण नाही. हे माझं एकटीचं मत नाहीये, अमेरिका आणि युरोपातल्या मुलांच्या पोटविकार तज्ञांच्या संघटनांनी २०१८ मध्ये मिळून जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात पण हेच आहे, की यासाठी एकच एक पक्की टेस्ट नाही आणि नुसत्या रिफ्लक्सचं, म्हणजे जठरातलं वर येण्याचं, निदान करायला बेरियम किंवा सोनोग्राफी करू नका. मग तपासण्या असतात कशाला? त्या दुसऱ्या गोष्टी शोधायला असतात. प्रत्येक तपासणीचा स्वतःचा एक प्रश्न असतो, आणि तो प्रश्न तुझ्या लेकराला लागू पडतोय का हे आधी बघायचं.

पण त्याच्याआधी दूध वर येतं कसं ते सांगते, म्हणजे पुढचं समजेल. अन्ननळी आणि जठर जिथं जुळतात तिथं स्नायूची एक कडी असते, ती खाल्लेलं वर येऊ देत नाही. तान्ह्या लेकरांत ती कडी मधून मधून आपोआप सैल पडते, त्यात अन्ननळी आखूड, सगळा आहार पातळ, आणि दिवसभर आडवं पडलेलं, मग दूध वर येणारच ना. चार महिन्याच्या आसपास हे सगळ्यात जास्त असतं, त्या वयात निम्म्याहून जास्त लेकरं दिवसातून निदान एकदा तरी दूध टाकतात, आणि पुढं बसायला लागली, घट्ट खायला लागली की कमी होत जातं, वर्षाच्या आतबाहेर वीसातलं एखादंच टाकणारं उरतं. म्हणजे तुझं लेकरू आत्ता ऐन भरात आहे, अजून तीनचार आठवडे वाढल्यासारखं वाटलं तरी घाबरू नकोस. दह्यासारखं येतं म्हणजे दूध जठरात जाऊन तिथल्या आम्लाने फाटलं, आपल्या सगळ्यांच्या पोटात ते असंच फाटतं. नाकातून आलं कारण नाक आणि घसा आतून एकच आहेत.

आणि तुझं दूध जड नाहीये. हे मी मुद्दाम वेगळं लिहितेय कारण आपल्या भागात किती जणींनी हे ऐकून अंगावरचं बंद केलं हे मी वर्षानुवर्षं बघतेय आणि दर वेळी जीव तुटतो. शेळीचं दूध अजिबात नको. त्यात या वयाला लागणारं फोलिक ॲसिड पुरेसं नसतं, आणि ज्या थोड्या लेकरांना खरोखर गाईच्या दुधाची ॲलर्जी असते त्यांना शेळीचं आणि म्हशीचं पण बहुतेक वेळा सोसत नाही, म्हणजे त्याने काहीच साधत नाही. सासूबाईंना वाईट वाटू न देता सांग की डॉक्टरबाईंनी कार्डावरचं वजन बघून सांगितलंय, अंगावरचंच चालू ठेवायचं. त्यांनापण काळजीच आहे गं, फक्त ती तुझ्या दुधावर येऊन बसलीय.

आता एकेक तपासणी बघू.

बेरियम. यात लेकराला पांढरं औषध पाजतात आणि ते खाली उतरताना एक्स-रेवर बघतात, काही मिनिटांचं काम. तेवढ्या मिनिटात दूध वर आलं तर रिपोर्टवर रिफ्लक्स आहे असं येणार, नाही आलं तर नाही असं येणार, आणि दोन्हीचा अर्थ जवळपास शून्य, कारण ठणठणीत लेकरात पण ते दिसतं आणि खरा त्रास असलेल्यात नेमकं त्या वेळी दिसत नाही. एसटी स्टँडवर दहा मिनिटं उभं राहून दिवसभरात गाड्या किती येतात ते सांगण्यासारखं आहे हे. मग बेरियम वाईट का? मुळीच नाही. आतड्याची ठेवण जन्मतःच चुकीची असेल आणि त्याला पीळ पडायची भीती असेल, अन्ननळी कुठं अरुंद असेल, जठराचा भाग छातीत सरकलेला असेल, तर ते बघायला बेरियमच लागतं, आणि पिळाची शंका असेल तर ते त्याच दिवशी, त्याच तासात करायचं असतं. पण त्याची खूण वेगळी, उलटी हिरवी होते. तुझ्या लेकराची पांढरी आहे. उगाच एक्स-रेचे किरण कशाला द्यायचे.

सोनोग्राफीचं थोडं वेगळं आहे. तिचा खरा उपयोग जठराच्या खालच्या तोंडाचा स्नायू जाड झालाय का ते बघायला, पायलोरिक स्टेनोसिस म्हणतात त्याला. त्यात लेकरू साधारण तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात जोरजोरात उलट्या करायला लागतं, अगदी हातभर लांब फेकतं, लगेच परत भुकेलं होऊन प्यायला बघतं, दिवसेंदिवस उलटी वाढत जाते आणि वजन थांबतं किंवा उतरतं. मुलींपेक्षा मुलांत जास्त. सोनोग्राफीत तो स्नायू मोजता येतो, ३ मिलीमीटर किंवा जास्त जाड भरला की निदान झालं, छोटं ऑपरेशन करतात आणि लेकरू छान बरं होतं. म्हणजे महिन्याच्या लेकराला अशा उलट्या असतील तर मी स्वतः सोनोग्राफी लिहून देईन, त्याच दिवशी करा म्हणेन. तुझा मुलगा १४ आठवड्याचा, वजन चढतं, दूध ओठाच्या कडेने येतं का लांब फेकतो ते तू लिहिलं नाहीस, पण फेकत असता तर वजन असं चढलं नसतं. एक सांगून ठेवते, सोनोग्राफी करून घेतलीच आणि रिपोर्टमध्ये रिफ्लक्स दिसला असं लिहून आलं तर त्या ओळीला घाबरू नकोस, दूध वर येतं हे तुला आधीच माहितीये, तुझी ओढणी रोज ओली होते.

मिल्क स्कॅनमध्ये दुधात अगदी थोडा किरणोत्सारी पदार्थ मिसळून पाजतात आणि कॅमेऱ्याखाली बघतात की दूध वर किती येतं, जठरातून किती वेळात पुढं सरकतं, आणि मुख्य म्हणजे छातीत, फुफ्फुसात जातंय का. नणंदेच्या लेकराला कदाचित सारखा न्यूमोनिया होत असेल, घरघर असेल, म्हणून केला असेल, तिथं त्याला अर्थ असू शकतो. नुसतं दूध टाकण्यासाठी तो नको.

मग राहिली नाकातून नळी घालून करायची २४ तासांची तपासणी, तिचं नाव कोणी ना कोणी काढेलच म्हणून सांगते. पीएच मॉनिटरिंग म्हणतात. बारीक नळी नाकातून अन्ननळीत सोडतात, टोक जठराच्या थोडं वर राहतं, आणि आम्ल किती वेळा, किती वेळ वर आलं हे मशीन दिवसभर टिपतं, पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, ते ४ च्या खाली गेलं की आम्ल वर आलं असं धरतात. ऐकायला हीच सगळ्यात पक्की वाटते ना? पण गंमत बघ, तान्हं लेकरू दर दोनतीन तासाला पितं आणि दूध जठरातलं आम्ल मारतं, त्यामुळं पाजल्यावर तासदोन तास जे वर येतं ते आंबट नसतंच, ही नळी ते धरतच नाही. म्हणून आता त्याच नळीत इम्पीडन्स नावाची सोय जोडतात, ती आम्ल असो नसो, पातळ काहीही वर सरकलं तरी टिपते. तरीसुद्धा तान्ह्या लेकरात किती म्हणजे नॉर्मल याचे पक्के आकडे नाहीत. मग ही कुणाला लागते? ज्या लेकराचा श्वास मधेच थांबतो, किंवा अचानक पाठ कमानीसारखी ताणून धरतं आणि फिट आहे का रिफ्लक्स ते कळत नाही, किंवा खोकला कशानेच जात नाही, अशा वेळी आई वहीत वेळ लिहिते की १० वाजून ५ मिनिटांनी झटका आला, आणि डॉक्टर मशीनवर बघतात की तेव्हाच दूध वर आलं होतं का. ही जोडी लावायला ती टेस्ट फार चांगली. पण ती पुणे, मुंबई, हैदराबादसारख्या ठिकाणी मुलांचे पोटविकार तज्ञ असलेल्या मोठ्या हॉस्पिटलातच करायची, आणि झटक्यांची जोडी लावायला झटके तर पाहिजेत ना, तुझ्या लेकराला ते नाहीत.

दुर्बीण म्हणजे एंडोस्कोपी. लेकराला भूल द्यावी लागते. अन्ननळीला सूज, जखम आहे का ते बघायचं आणि बारीक तुकडा काढून तपासायला पाठवायचा. उलटीत रक्त येत असेल, लेकरू वाढतच नसेल, सगळं करून पण पिताना किंचाळत असेल, तर तज्ञ डॉक्टर ती करतात आणि करायलाच पाहिजे. हसत्याखेळत्या ५.८ किलोच्या लेकराला भूल देऊन आत बघायचं, हा सल्ला ज्यांनी दिला त्यांनी मायेपोटीच दिला असेल, पण तो घेऊ नकोस. शिवाय आत सगळं साफ दिसलं तरी रिफ्लक्स नाही असं सिद्ध होत नाही.

औषधाचं पण एक बोलते. बऱ्याच ठिकाणी असं सांगतात की ॲसिडिटीचं औषध देऊन बघू, फरक पडला तर ॲसिडिटीच होती. मोठ्या माणसात हे काही प्रमाणात चालतं, तान्ह्यात नाही. २००९ मध्ये १६२ लेकरांवर केलेला एक अभ्यास छापून आला, निम्म्यांना लॅन्सोप्राझोल हे ॲसिडिटीचं औषध दिलं आणि निम्म्यांना दिसायला तसंच पण औषध नसलेलं दिलं. दोन्हीकडे ५४ टक्के लेकरं सुधारली. दोन्हीकडे सारखी! म्हणजे सुधारली ती वयाने आणि काळजीने, आणि औषधवाल्या गटात छातीचे संसर्ग वगैरे गंभीर त्रास उलट जास्त दिसले, बहुधा जठरातलं आम्ल हे जंतू मारायला पण असतं म्हणून. उलटीच्या ड्रॉप्समध्ये बहुतेक डॉमपेरिडॉन असतं, त्याचा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो म्हणून युरोपात २०१४ पासून त्याच्यावर बंधनं आहेत. सिरपच्या बाटलीवर रॅनिटिडिन लिहिलंय का बघ, ते अमेरिकेने २०२० मध्ये बाजारातून काढायला लावलं आणि आपल्या देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून २०२२ मध्ये काढलं. १५ दिवसात फरक नाही म्हणतेस, तर दोन्ही बाटल्या घेऊन डॉक्टरांकडे जा आणि बंद करू का म्हणून सरळ विचार. बहुतेक हो म्हणतील.

तिथं गेलीस की तपासणीचं पण विचार, भांडायचं नाही, नीट विचारायचं: डॉक्टर, यात आपण नेमकं काय शोधतोय, आणि रिपोर्ट नॉर्मल आला तर काय करायचं आणि नाही आला तर काय वेगळं करणार? त्यांनी लेकराचं पोट तपासून काही हाताला लागलं म्हणून लिहिलं असेल तर ते सांगतील, आणि मग माझं ऐकू नकोस, त्यांचं ऐक, कारण लेकरू त्यांनी बघितलंय, मी नाही. नुसतं दूध टाकतो म्हणून लिहिलं असेल तर या प्रश्नाने दोघांचाही विचार सुरू होईल.

घरात काय करायचं ते आता. पाजल्यावर वीस-तीस मिनिटं खांद्यावर उभं धर, झोळीत लगेच टाकू नकोस, झोळीत लेकरू दुमडतं आणि पोटावर दाब येतो. मालिश आणि आंघोळ पाजायच्या आधी, पाजून लगेच तेल लावून पाय पोटावर दाबले तर कुठलंही लेकरू ओकणारच. लंगोट, कमरेचा करदोडा, डायपर यातलं काही घट्ट नको. धुरी देत असाल तर बंद करा, घरात कोणी बिडी-सिगारेट ओढत असेल तर त्यांना बाहेर जायला सांगा. घुटी, ग्राईप वॉटर, मध, बिस्कीट कालवून देणं, तांदळाची पेज, यातलं काहीही सहा महिन्यापर्यंत नको, आणि मध तर वर्षभर नकोच. झोपवायचं उताणंच, दूध टाकतो म्हणून कुशीवर किंवा पालथं नाही, डोक्याखाली उशीचा उतार पण नाही. दूध टाकणारी लेकरं उताणी झोपली तरी त्यांना गुदमरायला होत नाही, पालथ्या झोपेत मात्र अचानक मृत्यूचा धोका वाढतो, म्हणून यावर मी अडून बसते. आणि तू सगळं खा, ताक पण घे, दूध पण घे. शौचात रक्त, अंगभर खरूजेसारखं पुरळ, पिताना सारखं रडणं असं असतं तर तुला दोन ते चार आठवडे दूध-दही-ताक बंद करून बघायला सांगितलं असतं आणि नंतर परत चालू करून तपासलं असतं, सध्या तसलं काहीच दिसत नाही.

किती टाकतो याचा अंदाज चुकतो, म्हणून एकदा असं कर, एक चमचा दूध फडक्यावर सांड आणि डाग बघ. केवढा मोठा दिसतो! रोजचा डाग त्याच्याशी ताडून बघ, आणि सासूबाईंना, यांना पण दाखव.

वजन मात्र सोडू नकोस. अंगणवाडीत महिन्याला एकदा, त्याच काट्यावर, कमीत कमी कपड्यात, आणि कार्डावरच्या वाढीच्या तक्त्यात ठिपका टाकून घे, ताईंना सांग रेघ जोडून दाखवा. लेकरू तीन महिन्याचं झालं की आशाताई पण घरी येतात, त्यांना कार्ड दाखव. चौथ्या महिन्यापासून वाढ थोडी मंदावते, दिवसाला १५ ते २० ग्रॅमवर येते, ते नॉर्मल आहे, त्याने दचकू नकोस. रेघ आडवी झाली किंवा खाली वळली तर मग मी पण तपासण्यांच्या बाजूने बोलेन, आणि पहिली सांगेन ती लघवीची, कारण लघवीतला जंतुसंसर्ग तान्ह्यात नुसता उलटी आणि वजन न वाढणं असाच दिसतो आणि तो साध्या स्वस्त तपासणीत सापडतो, त्याच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही.

आता ज्याला थांबायचं नाही ते. उलटी हिरवी झाली, रक्ताची किंवा कॉफीच्या रंगाची झाली, लांब फेकायला लागला, पोट फुगून टणक झालं, ताप आहे आणि लेकरू मलूल आहे, टाळू फुगलीय, निळं पडलं किंवा श्वास थांबला, सहा-आठ तासात लघवीच नाही, यातलं एक जरी झालं तर रात्रीचे दोन वाजले असू देत, गाडी नसली तर १०८ ला फोन कर आणि लहान मुलांचं ऑपरेशन होतं अशा मोठ्या हॉस्पिटलात घेऊन जा, हिरव्या उलटीत तर गावातल्या दवाखान्यात सलाईन लावून सकाळची वाट बघायची नाही. आणि वर्ष उलटून गेल्यावर पण टाकत राहिला, किंवा आत्ता थांबून सहा महिन्यानंतर नव्याने सुरू झालं, तर घाई नको पण तज्ञांना दाखवायचं.

यांना सांग, सोयाबीनचे पैसे राहू देत. सध्या लेकराला लागतंय ते तुझं दूध आणि महिन्याला एकदा अंगणवाडीचा काटा. पुढच्या महिन्याचं वजन झालं की आकडा आणि तारीख कळव, आणि दूध टाकताना ओठाच्या कडेने येतं का जोरात, तेवढं राहिलेलं पण लिही.